बायोप्सी झाली

मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो: दिलेल्या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. आर्वीच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथे हा प्रश्न तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि पोरं त्यातून कशी निसटतात ते मला तोंडपाठ आहे. शब्दाचा अर्थ येत नसला की ती लिहितात, ‘काल आमच्या गावात क्षितिज झाले.’ ‘माझ्या बाबांना औदार्य फार आवडते.’ वाक्य पाहायला गेलं तर सरळ असतं. फक्त लिहिणाऱ्याला तो शब्द कशाशी खातात हे ठाऊक नसतं. मी लाल पेनाने गोल भोपळा काढते आणि पुढचा पेपर ओढते.

पण एका भाद्रपदात माझ्या माहेरी चांगल्या जाणत्या, मिशा पिकलेल्या माणसांनी एका शब्दाचा असाच उपयोग केला आणि त्यात माझ्या आईचा जीव टांगणीला लागला. शब्द होता बायोप्सी. त्या सगळ्यांना भोपळा देऊन गप्प बसण्याइतकी शांत मी तेव्हा नव्हते, आजही नाही.

माझं माहेर हिंगणीच्या अलीकडे. धरणाचं पाणी मिळतं म्हणून आमच्याकडे बारमाही भाजीपाला. वांगी, भेंडी, दोडके, चवळी, पालक, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. वावर मोठा भाऊ पाहतो, त्याला मी दादा म्हणते. बाजार मात्र आईचा. सेलूच्या बाजारात ती पोतं अंथरून बसते आणि भेंडीचं टोक मोडून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातावर सरळ चापट मारते, मग ते गिऱ्हाईक तहसीलदाराची बायको का असेना. घरात तिसरं वजनदार माणूस म्हणजे काकू, माझ्या धाकट्या काकांच्या मागे राहिलेली. देवाधर्माचं, सोवळ्याओवळ्याचं सगळं खातं तिच्याकडे. त्यात तिचा शब्द शेवटचा.

एका सकाळी मी शाळेत जायला निघाले होते तर दादाचा फोन आला. आवाज असा की जणू पंपाची जळालेली मोटार रिवाइंड करून आणली.

“आईच्या छातीत गाठ झालती. दाखवून आनली काल. बायोप्सी झाली. काई टेन्शन नाई.”

मी तिथेच पायरीवर बसले. म्हटलं, “गाठ कवापासून? मले आंधी काऊन नाई सांगतलं?”

“तू घोर लावून घेते म्हून. आता झाली न बायोप्सी!”

“अन रिपोर्ट?”

“ते डॉक्टर पाहीन. महालक्ष्म्याले येजो. आई वाट पाहून राह्यली.”

माझी आई, माझ्या आईच्या छातीतली गाठ, आणि मला बातमी सगळं उरकल्यावर. लग्न झालेल्या मुलीला माहेरी जेवायला बोलावतात, विचारायला बोलावत नाहीत, हे मला त्या दिवशी पुन्हा एकदा कळलं. मी फोनवर बरीच तणतणले. पण एका गोष्टीचं बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू? दवाखान्यात नेली, तुकडा घेतला, आता कोणीतरी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहील आणि काय आहे ते सांगेल. तपासायला वेळ लागतो हे मला माहीत होतं. मधेमधे फोन केला की दादा म्हणे, “तेच ते काय इचारते? झाली न.”

आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे वर्षाचा मोठा सण. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्यांची भाजी लागते, आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांना ती एकाच वेळी लागते, त्यामुळे आमच्यासारख्या भाजी पिकवणाऱ्या घरात त्या आठवड्यात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. मी आर्वीहून एसटीने वर्ध्याला, तिथून दुसऱ्या गाडीने पोचले, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दोन्ही महालक्ष्म्या जरीच्या लुगड्यांत बसल्या होत्या, पुरणाचा वास रस्त्यापर्यंत आला होता, आणि ओसरीवर बायकांच्या तोंडी एकच शब्द होता.

“तुह्या आईची बायोप्सी झाली म्हने. बरं झालं माय, सुटली.”

“आमच्या व्याह्याची केलती. त्याले मानवली नाई.”

“मोठी बायोप्सी का लहान?”

“बायोप्सी झाली का मिरची बंद कराव लागते. इचारा कोनालेबी.”

मी मारून मुटकून हसू आणलं आणि आत गेले. मनातल्या मनात मात्र लाल पेन काढलं होतं. या बायांना काय बोलायचं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण त्या शब्दाला जो तो असा हाताळत होता, जसा काही तो बाजारातला दोडका आहे, ते ऐकून माझं डोकं तापायला लागलं.

आई स्वयंपाकघरात नव्हती. मागच्या पडवीत एकटी बसवली होती, पुढ्यात सुपात गवारीच्या शेंगा. त्याही सोवळ्याच्या भाजीसाठी नाही, नुसतं हाताला काम म्हणून. काकूने तिला आत येऊ दिलं नव्हतं. टाके ओले आहेत, रक्ताचं अंग आहे, सोवळ्यात चालत नाही. महालक्ष्म्यांच्या पानात ज्या भाज्या पडणार होत्या त्यांतली अर्धी रोपं आईने स्वतःच्या हाताने लावलेली. ती बाहेर, आणि भाज्या आत. मला तिथेच आरडाओरडा करावासा वाटला, पण सणाचं घर, म्हणून जीभ चावली.

“ये बाई,” आई म्हणाली. “बस अशी.”

तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही असं बघून माझा हात धरला आणि पदराखाली नेऊन छातीवर ठेवला. टाक्यांच्या जरा खाली. माझ्या बोटांना ती लागली. आवळ्याएवढी, टणक, जागची हलेना.

“सारे म्हन्ते बायोप्सी झाली,” आई हळूच म्हणाली. “मंग हे काय हाय?”

“डॉक्टर काय म्हने तुले?”

“मले कोन काय म्हनते? आडवं केलं, सुई टोचली, कापलं, शिवलं. तुह्या दादाले बाहीर काईतरी सांगतलं. घरी आल्यावर काकू म्हने, गाठीचं मूळ कापलं, आता आपोआप विरून जाईन. मी रोज हात लावून पाह्यते. विरत नाई बाई. मोठी होऊन राह्यली का मलेच वाटते, कोनाले इचारू?”

त्या भरल्या घरात त्या शब्दाबद्दल खरा प्रश्न विचारणारी माझी आई एकटीच होती, आणि तोही तिला चोरून विचारावा लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि दादाला शोधत अंगणात गेले. तो पंगतीसाठी पत्रावळी मोजत होता.

“दादा, तुकडा कुठं हाय?”

“कोन्ता तुकडा?”

“आईचा. डॉक्टरनं कापला तो. तपासाले कुठं देल्ला?”

दादाने पत्रावळी खाली ठेवल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी भलतंच ऐकायला मिळणार आहे, कारण दादा पत्रावळी अशा अर्ध्यात कधी सोडत नाही.

“बाटली देल्ली होती डॉक्टरनं,” तो म्हणाला. “वर्ध्याले नेऊन द्या म्हने ल्याबमध्ये. पन त्या दिशी उशीर झालता. अन मंग महालक्ष्म्याची घाई लागली. काकू म्हने, मासाचा तुकडा घरात आनाचा नाई, इटाळ होते. मंग वावरातल्या मोटारघरात ठेवली.”

“अजून तठीच हाय?”

“असन न. बायोप्सी तर झाली होती. ते त्याहिच्या रेकॉर्डसाठी मांगत असतीन म्हटलं. सण आटपला का नेनार होतो.”

रेकॉर्डसाठी. दादा बारावी शिकलेला आहे. मोबाइलवर बाजारभाव पाहतो, किडीवरच्या औषधाच्या डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचून प्रमाण ठरवतो. वांग्याच्या पानावर ठिपके दिसले तर पान तोडून कृषी केंद्रात दाखवायला पळतो आणि ते काय सांगतात ते ऐकल्याशिवाय फवारणी करत नाही. पानासाठी एवढं कळतं त्याला! आईचा तुकडा मात्र मोटारघरात, ऑइलच्या डब्याशेजारी.

मी तशीच घरामागच्या वावराकडे चालू लागले. अंगावर सणाची साडी, नाकात नथ. दादा मागून “अवं पंगत बसून राह्यली” म्हणत आला. मोटारघरात बाटली नव्हती. स्टार्टरच्या मागे नव्हती, पाइपाच्या वेटोळ्यात नव्हती. ती सापडली बाहेर, धुऊन वळचणीला पालथी घातलेली. रिकामी, स्वच्छ, चकचकीत.

काकूला बोलावलं. ती सोवळ्यातच आली, आमच्यापासून हातभर दूर उभी राहिली.

“मी मातीले देल्लं,” ती म्हणाली. “फेकलं नाई बाई. महालक्ष्म्या घरात याच्या आंधी केलं. ते घान वासाचं पानी ओतून देल्लं, पळसाच्या पानात बांधलं, धुऱ्यावर गाडलं. हळद-कुंकू वाह्यलं. मानसाचं मास हाय. मोटारघरात घुशीच्या तोंडी काय द्याचं होतं का?”

तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. उलट एक अवघड काम नीट पार पाडल्याचं समाधान होतं. तिने आईचा अपमान केला नव्हता, तिच्या परीने मानच केला होता. तिच्या बाजूने विचार करा, असं नंतर मला बऱ्याच जणांनी सांगितलं. केला. काकूची माया खरी होती. पण माया खरी होती म्हणून माझा राग एक कणभरही कमी झाला नाही, आणि तो कमी व्हावा अशी अपेक्षा कोणी करू नये. ज्या घरात बाईच्या अंगातल्या तुकड्याला हळद-कुंकू मिळतं, आणि त्या बाईला विचारावं हे कोणाला सुचत नाही, त्या घराची मला चीड आली आणि ती मी तिथेच बोलून दाखवली. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी खुरपं घेतलं. दादाने हात धरला, मी झटकला. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कडुलिंबाचा डहाळा ठेवलेली जागा लगेच दिसली. पाऊस पडून गेलेला, माती मऊ होती. साडीचे काठ चिखलात गेले. दोन वीतही खाली जायला लागलं नाही, पळसाचं पान हाती आलं. भोकं पडलेलं, मुंग्या लागलेलं. उघडलं. आत काही नव्हतं.

मी पान हातात धरून बसून राहिले. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ती पडवीतून उठून आमच्या मागे केव्हा आली, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“काय शोधून राह्यली?”

दादाने मला डोळ्यांनी खुणावलं, सांगू नको म्हणून. आतापर्यंतचं सगळं रामायण या एका खुणेतून झालं होतं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि आईला सांगितलं, धुऱ्यावर उकिडवं बसून, जसं जमेल तसं. बायोप्सी म्हणजे फक्त कापणं नव्हे. कापणं ही नुसती तयारी. तो तुकडा मोठ्या काचेखाली ठेवून डॉक्टर पाहतात, आतलं मांस चांगलं आहे की वाईट आहे ते ओळखतात, मग ठरतं औषध द्यायचं की काढून टाकायचं. ते पाहिलं की मग बायोप्सी झाली. आणि ते झालंच नाही.

आईने पानाकडे पाहिलं, मग काकूकडे, मग दादाकडे.

“म्हंजे माहा तुकडा कोनं पाह्यलाच नाई?”

दादा पायाने उकरलेली माती सारखी करू लागला.

“कापाले कापलं, दुखाले दुखलं, सोवळ्यातून काढलं,” ती म्हणाली, “अन पाह्यलं कोनीच नाई?”

ती वळली आणि घराकडे चालू लागली. जाताजाता म्हणाली, “आता मी देत नाई. एकदा देल्लं.”

दुसऱ्या दिवशी मी दादाला घेऊन त्या डॉक्टरांकडे गेले. जवळच्या मोठ्या गावातला छोटा खाजगी दवाखाना, बाहेर चपलांचा ढीग. मी सगळं सांगितल्यावर डॉक्टरांनी खुर्ची मागे ढकलली.

“मी यांना स्पष्ट सांगितलं होतं. बायोप्सीला पाठवा म्हणालो. आणखी काय सांगायचं असतं?”

“बाटलीत काय आहे, ते कशासाठी तपासायचं, हे सांगितलं का?”

“मॅडम, बाहेर पेशंट बघा किती आहेत. आणि तुमच्या लोकांना कितीही समजावा, शेवटी...”

“आमच्या लोकांना म्हणजे कोणाला?” मी विचारलं. “आणि माझ्या आईला काय सांगितलं तुम्ही?”

“पेशंटला या गोष्टी सांगत नसतात. घाबरतात.”

“तिला वाटत होतं तुम्ही गाठ काढली. ती रोज चाचपून बघते विरते का म्हणून. तुम्ही म्हणता ती घाबरेल!”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटची बेल दाबली. “घेऊन या परत. दुसरा तुकडा घेऊन देऊ,” म्हणाले, पंगतीत कोणी दुसरी पोळी वाढावी तसं. दादा “हो सर, हो सर” करत उठला. मी उठले नाही. मी म्हटलं, “तुमच्याकडे नाही आणणार,” आणि मग उठले. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, डॉक्टरशी असं बोलू नये. मी म्हटलं, तू न बोलून काय मिळवलं ते धुऱ्यावर पाहिलं मी.

आता खरी अडचण आई होती. ती हट्टाला पेटली की आमच्या घरातले सगळे हात टेकतात. मी शाळेत रजा कळवली आणि राहिले. आई बाजाराच्या जुड्या बांधत होती, एका हाताने, कारण दुसरा वर उचलला की टाके ओढत. मी शेजारी बसून सांबाराच्या जुड्या बांधू लागले. तिने माझ्या जुडीकडे पाहिलं, सोडली आणि पुन्हा बांधली. मग मीच विषय काढला. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात जाऊ, म्हटलं. तिथे तपासायचं त्याच इमारतीत असतं.

“पुन्हा कापतीन.”

“कापतीन. पन आता पाह्यतीनबी.”

“कायावरून? कापनारा एक, नेनारा दुसरा, पाह्यनारा तिसरा. मधात कोनी गाडला तर?”

शिकल्यासवरल्या माणसांची जी सगळी व्यवस्था आहे तिच्यातली खोट तिने बोट ठेवून दाखवली होती. मला रडू आलं. रडता रडता मी म्हटलं, “मंग तू सोता नेऊन दे. कोनाच्या हातात देऊच नोको.”

जुडी बांधता बांधता आईचा हात थांबला.

“मले देतीन?”

“नाई देल्ली तर मी भांडन.”

“ते येते तुले,” आई म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी जरा हसली. “चाल मंग.”

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी तपासलं, तपासताना कपाळाला आठी घातली, आणि पहिल्या वेळी कधी कापलं होतं ते दोनदा विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन टेबलावर जरा जोरात ठेवलं. माझ्यासारखंच त्यांनाही कोणावर तरी ओरडायचं होतं, असं मला वाटलं आणि त्या मला आवडल्या.

तुकडा घेऊन झाल्यावर एक माणूस छोटी बाटली घेऊन बाहेर आला. “नातेवाईक कोण? ही तळमजल्यावर नेऊन द्या.” दादाचा हात आपोआप पुढे झाला. मी तो खाली केला. तेवढ्यात आतून आई भिंतीला धरत आली. नर्स मागून “अहो मावशी, झोपून राहा” म्हणत होती.

“माह्या आंगचं हाय,” आई म्हणाली. “माह्याजवळ द्या.”

तो माणूस माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, “द्या त्यांच्याकडे.” त्याने दिली. आईने बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरली. पायऱ्या उतरताना मी दंड धरायला गेले तर म्हणाली, “मले नोको धरू. माह्यामांगं चाल.” खिडकीशी रांग होती. आपला नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि ठेवा म्हणाला. आईने ठेवली, पण झाकणावरचं बोट काढेना.

“पाहासान न?”

“आजी, आमचं कामच ते आहे.”

“मांगच्या बारीनं कोनं पाह्यलं नाई.”

त्याला काही कळलं नाही. पण आईच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “पाहतील आजी. नक्की पाहतील.” तेव्हा तिने बोट काढलं.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही जरा इकडे येता का? मावशींना बाहेर बसू द्या.” म्हणजे त्यासुद्धा! मी तोंड उघडणार, त्याआधी आई खुर्चीत आणखी पक्की बसली.

“तिले काऊन तिकडं नेता?” ती म्हणाली. “गाठ माह्या आंगात हाय. मले सांगा.”

बाईंनी दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी खुर्ची ओढून आईच्या समोर घेतली आणि सांगितलं. गाठ चांगली नाही. कॅन्सर आहे. अजून फार पसरला आहे असं वाटत नाही, पण काढावा लागेल, आणि आता थांबून चालणार नाही. आधीच वेळ गेला आहे.

दादाने डोळ्यांना रुमाल लावला. मला वाटलं होतं मी रडेन, पण माझ्या अंगात नुसता संताप भरला होता. तो गेलेला वेळ मोटारघरात गेला होता, धुऱ्यावर गेला होता, “झाली न” या दोन शब्दांत गेला होता, आणि तो आता कोणाकडे मागायचा?

आईने पदर सारखा केला. मग तिने विचारलं, “पाह्यलं न नीट?”

“पाहिलं मावशी. दोघांनी पाहिलं.”

“मंग कवा कापता?”

बाई पुढ्यातलं कॅलेंडर चाळू लागल्या. दादाने रुमाल खिशात ठेवला, घसा साफ केला.

“मॅडम, आता पितर चालू हायेत,” तो म्हणाला. “काकूबी म्हने का या पंधरवड्यात असं काई करू नाई. पितर झाले का लगेच घेऊन येतो. आई, थोडंसंच तर थांबाचं हाय.”

मी ताडकन उठले. आईने माझ्या मनगटाला धरून मला खाली बसवलं. ती दादाकडे वळली. आवाज अजिबात चढला नव्हता.

“थांबते न बापू,” ती म्हणाली. “मंग पुढच्या साली पितरात मलेच पान वाढजो.”

ऑपरेशन पितरातच झालं.